डॉट इन आयकॅनच्या मर्जीवर चालतं का?

एकांनी लिहिलंय की इंटरनेटवरच्या नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या मनात आलं तर डॉट इन, म्हणजे भारतातल्या वेबपत्त्यांच्या शेवटी येणारं .in, उद्या बंद. एवढं सोपं नाहीये ते. रूट झोनमध्ये, म्हणजे अशा सगळ्या शेपट्यांच्या मूळ यादीत, फक्त डॉट इनचे नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारे संगणक) कुठले याची नोंद असते, ती आयाना हा आयकॅनचाच विभाग सांभाळतो, बाकी नाव कुणाला द्यायचं, भांडण झालं तर कोण सोडवणार हे सगळं आपल्याकडे निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) ठरवते, आणि सरकारी पत्त्यांचं गव्ह डॉट इन एनआयसी या सरकारी संगणक संस्थेकडे, शिक्षणसंस्थांचं एसी डॉट इन अर्नेट या शिक्षण-संशोधन नेटवर्ककडे.

२०२२ च्या फेब्रुवारीच्या शेवटी युक्रेनने रशियाचं डॉट आरयू रद्द करा म्हणून आयकॅनला पत्र दिलं होतं, युद्ध चालू असताना, तरी त्यांनी लेखी नकार दिला. मला तो निर्णय बरोबरच वाटतो, नाहीतर प्रत्येक भांडणात हीच मागणी आली असती.

खरा फरक पडतो तो देशातल्या नियमांनी. आधी डॉट इन मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेकडे होतं, नियम इतके कडक की इथलेच लोक कंटाळून सरळ डॉट कॉम घ्यायचे. २००५ मध्ये निक्सीने नोंदणी सगळ्यांना खुली केली आणि मग नावं धडाधड वाढली, आयकॅन तेच, रूट तोच, बदललं ते फक्त आपलं धोरण.