आईबाबांच्या फ्लॅटला कुलूप आणि अलार्म: काय घ्यावं?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. आईबाबा नाशिकला, मी पुण्यात. बाबा ७८, आई ७२, दोघंच राहतात. बिल्डिंग जुनी, तीन मजली, वॉचमन फक्त रात्री. गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीत भरदुपारी एका बंद फ्लॅटचा कडीकोयंडा तोडून दागिने नेले, तेव्हापासून आईची झोप उडाली आहे.

सागवानी चौकट, फ्लश डोअर, त्याला जुनं नाईट लॅच आणि बाहेरून अल्ड्रॉप. रात्री आतून वर-खाली दोन कड्या आणि साखळी. सेफ्टी डोअर नाही. भाऊ म्हणतो, फिंगरप्रिंटचं डिजिटल लॉक लावून मोकळी हो. बाबांना ते नको आहे. त्यांना मधूनमधून चक्कर येते, तीही काळजी आहेच. बजेट २५ हजारांपर्यंत. कृपया सुचवा.

ठाणेकर
ताई, आधी लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर करून घ्या. कुरिअरवाला आला, कोणी मीटर बघायला आलं की जाळीतूनच बोलायचं. ही सवय कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा कामाची आहे. साखळीवर विसंबू नका, तिचे स्क्रू एका धक्क्यात निघतात. सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, त्यामुळे बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला येतात. फॅब्रिकेटरला सांगून त्यांच्या पिना वेल्ड करून घ्या.

सांगलीचा दुकानदार
वडिलांच्या वेळेपासून आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरफोडी करणारा कुलूप उघडत बसत नाही. कटावणी घालतो आणि कोयंडाच उपटतो. म्हणून कोणी ‘मजबूत कुलूप द्या’ म्हणालं की मी आधी चौकटीची चौकशी करतो. तुमची सागवानी आहे, उत्तम. पण त्यावरची, लॉकची जीभ जिथे अडकते ती पट्टी बहुतेक घरांत पाऊण इंची स्क्रूंवर उभी असते. ते काढून अडीच-तीन इंची स्क्रू लावा. किरकोळ खर्च आहे, पण कटावणीला खरा अडथळा तिथेच होतो.

अल्ड्रॉपला बाहेरून लटकणारं कुलूप म्हणजे ‘घरात कोणी नाही’ अशी पाटीच. गावाला जाताना त्याच्यावर भिस्त ठेवू नका. नाईट लॅचची जीभ तिरकी, स्प्रिंगवर चालणारी. नुसतं दार ओढून घेतलं असेल तर फटीतून पातळ पत्रा सरकवूनही ती मागे जाऊ शकते. त्याऐवजी चावीचे फेरे दिल्यावर जाड बोल्ट बाहेर येणारं रिम लॉक, म्हणजे दाराच्या आतल्या अंगाला वरून बसणारं लॉक घ्या. गोदरेजचं ट्रायबोल्ट तीन बोल्टचं येतं, त्या धर्तीचं दुसऱ्या कंपनीचंही चालेल. मॉर्टिस लॉक मात्र तुमच्या दाराला सुचवणार नाही. त्यासाठी दाराच्या जाडीत खाच कोरावी लागते, आणि ३०-३२ मिमीचं फ्लश डोअर नेमकं तिथेच कमजोर होतं.

आतून नॉबने उघडणारंच मागा. दोन्हीकडून चावी लागणारं लॉकही मिळतं, पण रात्री घरात धूर झाला तर बाबा अंधारात चावी कुठे शोधणार?

आता आतल्या कड्या. ताई, हे मनावर घ्याच. वर-खाली कड्या लावून दोघं झोपली आणि रात्री काही झालं, तर शेजाऱ्यांकडे ठेवलेली चावी निरुपयोगी. शेवटी दार फोडावं लागतं आणि त्यात मोलाचा वेळ जातो. रिम लॉक आतून पूर्ण लावलं की कडीची गरज उरत नाही. फक्त दुकानात काउंटरवरच करून बघा: आतून लावल्यावर बाहेरून चावीने उघडतंय का? काही मॉडेलमध्ये आतला खटका सरकवला की बाहेरची चावी फिरतच नाही. ते नको.

गोदाकाठची
दादा, कड्यांचा मुद्दा अगदी पटला. आईला समजावते. मग डिजिटल लॉक नकोच का?

मडगावकर
माझ्या सासूबाईंकडे डिजिटल आहे. वयामुळे आणि भांड्याधुण्याने बोटांचे ठसे झिजतात, सेन्सर पुन्हा पुन्हा नाकारतो. आम्ही त्यांना लॉकला टेकवून उघडायचं कार्ड दिलंय, ते पर्सला अडकवलेलं असतं. लॉक पेन्सिल सेलवर चालतं, वीज गेली तरी फरक पडत नाही, आणि सेल संपत आले की ते आवाज करून सांगतं. पूर्ण संपलेच तर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी किंवा पॉवर बँक लावायची सोय असलेलं घ्या, शिवाय साधी चावीही हवीच.

त्रास ऑटो-लॉकचा. कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आल्या की मागे दार बंद! ती सेटिंग बंद करून घेतली. फायदा एवढाच आणि मोठा, की गरज पडली तर शेजाऱ्यांना फोनवर पिन सांगता येतो आणि नंतर बदलता येतो. पण बाबांचं मन नसेल तर जबरदस्ती नको. रोज हाताळायचं त्यांना आहे.

वायरमन
अलार्मचं मी सांगतो. दाराला मॅग्नेटिक सेन्सर, हॉलमध्ये हालचाल टिपणारा एक सेन्सर, सायरन आणि सिमकार्डवर चालणारं पॅनेल (अलार्मचा मुख्य डबा), एवढं पुरे. दार उघडलं की सायरन वाजतो आणि तुमच्यासकट चार-पाच नंबरांना फोन जातो. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. आत बॅकअप बॅटरी आहे ना, आणि पॅनेल फक्त २जी तर नाही ना. २जी असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही. हालचालीचा सेन्सर आईबाबा घरात असताना बंद राहील अशी ‘होम’ सेटिंग असते, ती लावून द्या. सेन्सरवर पाल फिरली तरी तो वाजतो, तेव्हा घाबरू नका.

बऱ्याच पॅनेलबरोबर छोटा रिमोट येतो, त्यावर एसओएसचं, म्हणजे तातडीने मदत मागायचं बटण असतं. तुमच्या घरी मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एक बाबांच्या उशाशी, एक संडास-बाथरूमपाशी, पडल्यावर हात पोचेल इतकं खाली.

सिस्टर_सोलापूर
बाथरूमचा विषय निघालाच आहे म्हणून. म्हातारी माणसं पुष्कळदा तिथे पडतात, आणि आतून कडी असते. ती काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॉक बसवा. दार आत उघडत असेल तर सुताराकडून बाहेर उघडणारं करून घ्या. माणूस दाराला टेकून पडला तर आत ढकलता येत नाही. मी हॉस्पिटलमध्ये अशा केसेस बघते, कळकळीने सांगतेय.

गोदाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: सेफ्टी डोअर, आतून नॉबचं रिम लॉक, सिमचं अलार्म पॅनेल. बाथरूमचं काम तर याच रविवारी. एक चावी समोरच्या काकूंकडे, एक मावशीकडे. ११२ नंबर दोघांच्या फोनवर स्पीड डायलला लावते.

सांगलीचा दुकानदार
छान. दुकानात जाण्याआधी दाराची जाडी मोजा, बिजागऱ्या डावीकडे की उजवीकडे ते बघा आणि जुन्या लॉकचे आतून-बाहेरून फोटो काढून न्या. आणि नव्या लॉकच्या सिलिंडरमध्ये (चावी जाते त्या भागात) तेल घालू नका, त्याला धूळ चिकटते. चावी जड जायला लागली तर ग्रॅफाइटची पूड टाका.