पांढरे पडलेले प्रवाळ मृत असते का?

प्रश्न (भरतीरेषा):
मे महिन्याच्या मध्यास मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना खडकाला चिकटलेली दोन-तीन प्रवाळे पांढरीशुभ्र दिसली. त्यांच्या शेजारची मात्र नेहमीसारखी तपकिरी होती. सोबतच्या मार्गदर्शकाने “पाणी तापले की असे होते” एवढेच सांगितले. प्रवाळाच्या शरीरात राहणारे शैवल त्याला अन्न पुरवते, असे मी वाचले आहे. मग पाणी तापल्यावर प्रवाळ आपल्याच अन्नदात्याला बाहेर का काढते? ती पांढरी प्रवाळे मेली असे समजायचे का? आणि एकाच खडकावर असा फरक कसा पडतो?

उत्तर (खारवारा):
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पांढरे प्रवाळ मेलेले असतेच असे नाही. त्याचा तपकिरी रंग मुख्यतः ऊतींमध्ये राहणाऱ्या एकपेशीय शैवलांचा, म्हणजे झूझँथेलींचा असतो. ती निघून गेली की पारदर्शक ऊतींतून खालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. ऊती तेव्हाही जिवंत असतात. सांगाड्यावर हिरवट, केसाळ शेवाळ चढू लागले, म्हणजे तेवढा भाग गेला असे समजावे.

आता अन्नदात्याविषयी. शैवल प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेली शर्करा आणि ग्लिसरॉल प्रवाळाला देते आणि उथळ पाण्यातल्या अनेक प्रवाळांची ऊर्जेची गरज ९० टक्क्यांपर्यंत त्यावरच भागते. त्या बदल्यात शैवलाला कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्ये आणि सूर्यप्रकाशात सुरक्षित निवारा मिळतो. पाण्याचे तापमान त्या जागेच्या नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीहून १ अंश सेल्सिअसने जरी जास्त झाले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी शैवलाची प्रकाश वापरण्याची यंत्रणा बिघडते. वापरात न आलेल्या प्रकाशामुळे ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात आणि ती दोघांच्याही पेशींना इजा करतात. शैवल बाहेर टाकणे हा ती इजा थांबवण्याचा मार्ग आहे, असे बराच काळ मानले गेले आणि त्यात तथ्य आहे.

अलीकडच्या प्रयोगांत मात्र असे दिसले आहे, की हे नाते रंग जाण्याच्या आधीच तुटू लागते. उष्णतेत प्रवाळाचा स्वतःचा ऊर्जाखर्च वाढतो, ते आपली अमिनो आम्ले जाळू लागते, त्यातून अमोनियम सुटते, आणि हे आयते खत मिळालेले शैवल स्वतःच्या वाढीस लागून साखर स्वतःकडेच ठेवते. म्हणजे आपण ज्याला अन्नदाता म्हणता, त्याने पुष्कळदा बाहेर पडण्यापूर्वीच अन्न देणे कमी केलेले असते. मला या विषयातला हा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वाटतो, कारण बाहेरून तपकिरी आणि निरोगी दिसणारे प्रवाळही आतून उपाशी असू शकते.

उत्तर (कातळशिल्पी):
तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो. प्रवाळांच्या जाती वेगळ्या असतात. पोराइटिससारखी जाड ऊतींची, घुमटाकार प्रवाळे फांद्यांच्या नाजूक प्रवाळांपेक्षा सहसा अधिक तग धरतात. खडकाची सावलीही महत्त्वाची आहे, कारण उष्णता आणि प्रखर प्रकाश एकत्र आले की नुकसान वाढते. शिवाय प्रत्येक प्रवाळातले शैवल एकाच प्रकारचे नसते. ड्युरुसडिनियम या प्रजातीतील काही शैवले जास्त उष्णता सोसतात, परंतु ती असलेली प्रवाळे अनेकदा हळू वाढतात. एक सावधगिरीही सांगावीशी वाटते: गाळ आणि गोड्या पाण्याचा लोंढा यांमुळेही प्रवाळ पांढरे पडते, त्यामुळे एका भेटीत पाहिलेल्या दोन-तीन प्रवाळांवरून तापमानालाच दोष देणे घाईचे ठरेल.

भरतीरेषा:
मनापासून आभार. शैवल गेल्यावर प्रवाळ किती काळ जगते, आणि शैवल परत येते का?

उत्तर (खारवारा):
ते साठवलेल्या चरबीवर आणि रात्री स्पृशकांनी, म्हणजे तोंडाभोवतीच्या बारीक सोंडांनी, पकडलेल्या सूक्ष्म प्राण्यांवर काही आठवडे, कधी काही महिने निभावून नेते. तेवढ्या काळात पाणी निवले, तर ऊतींत उरलेली थोडी शैवले वाढतात किंवा पाण्यातून नवी आत येतात आणि रंग परततो. पुढे वाढ आणि प्रजनन मात्र बराच काळ मंदावलेले राहते.

म्हणून दोन उष्ण लाटांमध्ये किती वर्षे मिळतात, यावर सारे अवलंबून आहे. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर प्रवाळे पांढरी पडली. तिथल्या दीर्घ निरीक्षणांत जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ मधील सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत २० टक्क्यांच्याही किंचित खाली आले. पुढच्या लाटांत मृत्यूचे प्रमाण घटले होते, तरीही सावरण्याचा वेग कमी पडला. त्यानंतर २०२४ साली जागतिक पातळीवरील चौथे विरंजन, म्हणजे प्रवाळांचे असे पांढरे पडणे, जाहीर झाले, आणि लक्षद्वीपची प्रवाळे त्यातही सापडली. ही बेटे मुळात प्रवाळांनीच घडवलेली कंकणद्वीपे आहेत; लाटांचा मारा आधी त्या प्रवाळभिंतीवर पडतो, म्हणून तिथल्या घरांचा आणि विहिरींच्या गोड्या पाण्याचा आधारच झिजतो आहे.

आपण पावसाळ्यानंतर मालवणला पुन्हा जाणार असाल, तर त्याच खडकाचे त्याच कोनातून छायाचित्र घ्या. खडकावर पाय टेकवू नका आणि नाव प्रवाळांवर नांगरू नये, असे नावाड्याला आधीच सांगा. उपाशी प्रवाळाच्या जखमा लवकर भरत नाहीत. दोन्ही छायाचित्रे इथे टाकलीत, तर ती पांढरी प्रवाळे सावरली की त्यांच्यावर शेवाळ चढले, हे आपल्याला निश्चित सांगता येईल.