शेडचे नट-बोल्ट: दुकानदार म्हणतो 'दोन्ही एकच', ड्रॉइंग वेगळंच सांगतंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गोकुळ शिरगावला आमच्या मशीन शॉपसाठी १२ बाय २४ मीटरची शेड उभी करतोय. कॉलम-राफ्टर (खांब आणि छताच्या तुळया) फॅब्रिकेटरकडे तयार होत आलेत. बोल्ट मात्र आम्हीच आणून द्यायचे असं ठरलंय, आणि तिथंच गाडी अडली.

ड्रॉइंगवर लिहिलंय: एम२० (२० मिमी व्यासाचा बोल्ट), ८.८ (ताकदीचा ग्रेड), आयएस ३७५७ (भारतीय मानक), हॉट डिप (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला). उद्यमनगरात तीन दुकानं फिरलो. दोघांकडं ३७५७ नव्हतेच. तिसऱ्यानं पिवळ्या झिंकचे (जस्ताचा पातळ मुलामा दिलेले), फुल थ्रेड (पूर्ण लांबीला आटे असलेले) एचटी म्हणजे हाय टेन्साइल बोल्ट पुढं केले. "हे पण ८.८ च, दोन्ही एकच," म्हणाला. डोक्यावर ८.८ आहे खरं, पण नटावर काहीच शिक्का नाही. बोल्ट साहेबाचा आणि नट शिपायाचा, असा प्रकार.

फॅब्रिकेटरचं म्हणणं, "१०.९ (८.८ च्या वरचा ग्रेड) घ्या, सहाच्या जागी चार लावू." आणि काकांनी जुन्या शेडचे सोडवलेले बोल्ट गोणीत भरून ठेवलेत. त्यांच्या मते नवे घेणं म्हणजे पैसे पंचगंगेत टाकणं.

कुणाचं ऐकू? लांबी किती घ्यायची तेही सांगा. एंड प्लेट (कॉलम-राफ्टरच्या टोकाच्या, ज्यांतून बोल्ट जातात त्या) १६ मिमीच्या आहेत.

---

फिटर_शिरोली:
भावा, काकांना आधी आवर. जुना एचटी बोल्ट एकदा पूर्ण ताणला की परत वापरायचा नसतो. वरून ओळखू येत नाही, पण थ्रेड ताणलेले असतात. त्या गोणीत ४.६ (कमी ताकदीचे) आणि ८.८ मिसळलेले असतील ते वेगळंच.

---

रेखाटनवाला:
'दोन्ही एकच' हे अर्धं खरं आहे. ८.८ म्हणजे ताणशक्ती ८०० न्यूटन प्रति चौरस मिमी आणि यील्ड (ज्या ताणाला बोल्ट कायमचा लांबायला लागतो) त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४०. हे दोन्हीकडं सारखंच. साधा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) ४.६ घेतलात तर तेच आकडे ४०० आणि २४०.

फरक पुढं आहे. ३७५७ चा बोल्ट ताणून घट्ट करायच्या जोडासाठी असतो. त्याचं डोकं मोठं. साध्या एम२० ला ३० चा पाना बसतो, याला बसत नाही. नट आयएस ६६२३ चा, वॉशर ६६४९ चा, कडक केलेला. स्प्रिंग वॉशर घालू नका, फॅब्रिकेटर सवयीनं घालतात.

फुल थ्रेडची गोम अशी, की एम२० च्या सळईचं क्षेत्रफळ ३१४ चौ. मिमी, पण थ्रेडपाशी २४५. दोन प्लेटांच्या सांध्यात थ्रेड आला तर कातरबल तेवढ्यावरच येतं. म्हणून हाफ थ्रेड (टोकाकडंच आटे असलेले) मागा.

१०.९ ला हात लावू नका. हॉट डिपच्या आधी ॲसिडात बुडवतात, तेव्हा इतक्या कडक पोलादात हायड्रोजन शिरून बोल्ट ठिसूळ होण्याची भीती असते. मग काही दिवसांनी, कुणी हात न लावता, डोकं तुटून पडतं. आणि सहाचे चार करायचे का, हे डिझाइनरनं ठरवायचं, वेल्डरनं नाही.

पिवळं झिंक काही मायक्रॉनचं असतं, हॉट डिपचा थर साधारण ४०-५०. आपल्याकडचा पाऊस धरून तुम्हीच ठरवा. फक्त हॉट डिप बोल्टाला जास्त टॅप मारलेला (आतले आटे थोडे मोठे पाडलेला) नट लागतो. म्हणून बोल्ट-नट-वॉशर एकाच कंपनीचा सेट घ्या आणि दुकानातच हातानं नट फिरवून बघा.

लांबी: १६ + १६ = ३२, वॉशर ४, नट २०.७, बाहेर तीन आटे म्हणजे ७.५ मिमी. बेरीज ६४.२. ६५ घ्या.

---

फिटर_शिरोली:
बिलाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट माग, आणि त्यावरचा बॅच नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळव. नुसती झेरॉक्स देतात लोक. भोकं २२ ची ड्रिलनं पाड म्हणावं. जुळली नाहीत तर गॅसनं रुंद करायला बसतात, त्यावर नजर ठेव.

---

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. डिझाइनरांना फोन केला. कॉलम-राफ्टरच्या जोडाला ३७५७ च हवेत, तिथं तडजोड नाही म्हणाले. पर्लिनच्या (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांच्या) क्लीटला, म्हणजे त्या धरणाऱ्या तुकड्याला, मात्र एम१२, ४.६ जीआय (जस्त चढवलेले) चालतील, आणि तसं मेलवर लिहूनही दिलं. म्हणजे महागडे बोल्ट वाटले होते त्यापेक्षा बरेच कमी लागणार. त्या तिसऱ्या दुकानदाराकडंच सेटची ऑर्डर दिली, पाच टक्के जादा धरून. यायला आठ दिवस लागतील म्हणाला, फॅब्रिकेटर तोंड पाडून बसलाय.

काकांची गोणी अजून शॉपच्या कोपऱ्यात आहे. "फाटकाला लावू," म्हणतात. फाटकाला हरकत नाही ना?

---

फिटर_शिरोली:
फाटकाला लाव की. फक्त शेडचं काम संपेपर्यंत गोणीला कुलूप घाल.