मंत्रालय कल्याणला हलवा! अशक्य वाटेल, पण आधी ऐका

डोंबिवलीकर: सकाळी साडेआठला सीएसएमटीकडे जाणारी फास्ट बघा, लोक दारात लटकलेले, आणि त्याच वेळी समोरून कल्याणकडे येणारी बघा, बसायला जागा मिळते. संध्याकाळी बरोब्बर उलटं. म्हणजे तेवढेच डबे, तेवढेच मोटरमन, पण अर्धी रेल्वे आपण रोज रिकामी पळवतो. मंत्रालय, आयुक्तालयं, महामंडळं सगळी उचलून कल्याण-भिवंडी पट्ट्यात आणा. नवीन रूळ न टाकता निम्मी गर्दी उलट्या दिशेला जाईल. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसं गेली, त्यानंतरही आपण नुसत्या वाढीव फेऱ्या मागत बसायचं का?

विरारवाला: आणि आम्ही वेस्टर्नवाल्यांनी काय करायचं? विरारहून कल्याण म्हणजे दादरला जाऊन गाडी बदला, नाहीतर वसई-दिवा मेमू, ती दिवसाला मोजकीच, वर दिव्याला उतरून परत त्याच गर्दीत घुसायचं. घरात एक माणूस सरकारी नोकरीत आणि दुसरं अंधेरीत असेल तर त्यांनी राहायचं कुठे? तुमची गर्दी कमी करायला आमचे दोन तास वाढवू नका.

घणसोली_नाका: ऑफिसं हलवण्यापेक्षा वरून जा ना. बोलिव्हियात ला पाझ शहरात २०१४ पासून लोक रोज कामाला रोपवेने जातात. डोंबिवली-ऐरोली मध्ये पारसिकचा डोंगरच आहे, केबल सरळ वरून टाका, जमीन फक्त खांबांपुरती लागेल, ठाण्याला गाडी बदलायची कटकट संपली.

डोंबिवलीकर: हिशोब करा भाऊ. असा रोपवे एका दिशेला तासाला साधारण तीनेक हजार माणसं नेतो. पीकला बारा डब्यांच्या एका लोकलमध्येच साडेचार हजारांच्या आसपास लोक कोंबलेले असतात.

मडगांवकर: वरून जायचं म्हटलं की मला स्कायबस आठवते, खांबांवरच्या ट्रॅकला खाली लटकून धावणारी गाडी. कोकण रेल्वेने मडगावला ट्रॅक उभारला, २००४ मध्ये चाचणीतच अपघात होऊन त्यांचा एक कर्मचारी गेला, प्रकल्प रखडला आणि पुढे ते खांब पाडून टाकावे लागले. रोपवे वेगळा हे मान्य, पण घाईघाईत माणसं बसवून प्रयोग नकोत.

वाशीकर: मूळ मुद्द्यावर या. डोंबिवलीकर म्हणतायत ते नवीन नाहीये, नवी मुंबई त्याचसाठी झाली. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे वास्तुविशारद आणि इंजिनिअर शिरीष पटेल यांनी हीच मांडणी केली, नोकऱ्या खाडीपलीकडे न्या म्हणजे लोंढा वळेल, १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ झालं. पुढे कांदा-बटाटा बाजार आला, धान्य बाजार आला, हमाल-माथाडी सगळे आले, पण मंत्रालय आलं नाही! उलट सरकारने त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून ऑफिसं वाढू दिली. गरिबाला हलवता येतं, सचिवाला नाही, हे मला आजही सहन होत नाही.

विरारवाला: मग आधी वसई-दिवा-पनवेल मार्गावर दर पंधरा मिनिटांनी लोकल सोडा, त्यानंतर खुशाल मंत्रालय न्या, मी स्वतः सही करेन.

डोंबिवलीकर: उलटं आहे. जोपर्यंत मोठे साहेब स्वतः दिव्याला गाडी बदलत नाहीत तोपर्यंत ती लोकल सुटणारच नाही. आधी मंत्रालय हलवा, गाड्या आपोआप वाढतील.