मदत हवी आहे: वाळवंटात फक्त दोघांनीच जाऊन लग्न करायचे आहे, जागा सुचवा (तातडीने)

निवडुंगाचे_फूल (धागाकर्ती)

नमस्कार. हॉल, चारशे पाहुणे, रुखवत आणि आहेराच्या याद्या यांपैकी काहीही न करता वाळवंटात जाऊन सूर्योदयाच्या वेळी लग्न करायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. वाळूची टेकडी अशी हवी की जिच्यावर आदल्या दिवशीच्या पर्यटकांच्या पावलांचे ठसे नसतील आणि छायाचित्रांत गाड्या किंवा विजेचे खांब येणार नाहीत. मी नऊवारी नेसणार आहे, अंतरपाट असेल, मंगलाष्टके फोनवर लावू, छोटासा होम करून अनवाणी सात पावले चालू, अक्षता उधळू आणि तिथूनच पुढे दोन दिवसांच्या ट्रेकला निघू. चित्रण ड्रोनने करायचे आहे. लग्नाच्या लायसन्सचे काम झाल्यातच जमा असल्यामुळे त्याबद्दल सल्ला नको. जागा आणि ड्रोन यांविषयी ज्यांना माहिती असेल त्यांनी कृपया लवकर लिहावे, कारण विमानाची तिकिटे याच आठवड्यात काढायची आहेत.

माळरान

अभिनंदन. जैसलमेरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या समच्या टेकड्या सर्वांना ठाऊक असतात, परंतु हंगामात तिथे तंबूंची रांग आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी गाणी असतात, म्हणून मी आपल्याला खुहडी सुचवेन. मात्र लायसन्स झाल्यातच जमा आहे म्हणजे नेमके काय झाले आहे, हे कळले नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची असेल तर दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस वास्तव्य असावे लागते, नोटीस दिल्यावर आणखी तीस दिवस थांबावे लागते आणि तीन साक्षीदार लागतात. शनिवारी जाऊन रविवारी परत, असे ते जमत नाही.

आजोळची_ओसरी

जागेचे नंतर पाहू. घरी सांगितले आहे का? विरोध असेल तर आधी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घालून बोलणी करा. माझ्या भाचीच्या बाबतीत तिच्या मामांनी दोन्ही घरांत जाऊन विषय काढला आणि जे काम वर्षभर अडले होते ते मार्गी लागले. आई-वडिलांच्या डोक्यावरून अक्षता पडण्याचे सुख वाळवंटात मिळायचे नाही, एवढे लक्षात ठेवा.

निवडुंगाचे_फूल (धागाकर्ती)

घरी सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे खूश आहेत. डिसेंबरात सांगलीला जेवणावळ होणारच आहे, त्यामुळे तो विषय कृपया इथेच थांबवू या. राजस्थानचाही काही संबंध नाही. आम्ही अमेरिकेतल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत, हे मी लिहायला हवे होते असे आता वाटते, पण ड्रोनचा प्रश्न कुठेही तोच असेल असे गृहीत धरले होते. बेत असा आहे की संध्याकाळच्या विमानाने लास वेगासला उतरायचे, तिथले लायसन्सचे कार्यालय रोज मध्यरात्रीपर्यंत उघडे असते, तिथून कागद घेऊन रात्रीच गाडीने निघायचे आणि पहाटे मेस्किट फ्लॅटच्या टेकड्यांवर पोहोचायचे. यापलीकडे विचारण्यासारखे काही नाही. जागा सांगा.

मोहावेचा_वाटाड्या

आपण सल्ला नको म्हटले आहे, तरीही लायसन्सबद्दलच लिहितो, कारण या बेतातली खरी अडचण तिथेच आहे. लास वेगासचे लायसन्स क्लार्क काउंटीचे (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा), म्हणजे नेवाडा राज्याचे असते आणि ते फक्त नेवाडाच्या हद्दीतच चालते. डेथ व्हॅलीचा एक छोटा कोपरा नेवाडात असला तरी मेस्किट फ्लॅट, स्टोव्हपाइप वेल्स, फर्नेस क्रीक आणि बॅडवॉटर हे सारे कॅलिफोर्नियाच्या इन्यो काउंटीत येते. त्या टेकडीवर नेवाडाच्या कागदावर सही करून लावलेले लग्न कायद्याने लागणार नाही, मग छायाचित्रे कितीही सुंदर येवोत.

दुसरे म्हणजे नेवाडात लग्न लावणाऱ्या व्यक्तीला काउंटीकडून आधी परवानगी घ्यावी लागते. कोणीही मित्र ऐन वेळी उभा राहून चालत नाही.

आता कृपया चार गोष्टी सांगा. आपण दोघे राहता कुठे? महिना कोणता? लग्न लावणार कोण? आणि तिथे एकूण माणसे किती असतील?

दिरहम_दादा

मी गेली अनेक वर्षे संयुक्त अरब अमिरातीत आहे आणि वाळूच म्हणाल तर अबू धाबीतल्या लिवासारखी वाळू अमेरिकेत नाही, हे छातीठोकपणे सांगतो. अबू धाबीने २०२१ साली बिगर-मुस्लिमांसाठी नागरी विवाहाचा कायदा केला आणि पर्यटकांनाही तिथे लग्न करता येते. कागदपत्रे व्यवस्थित असतील तर काम झटपट होते. लिवाच्या टेकड्या रुब-अल-खाली वाळवंटाच्या काठावर आहेत आणि हिवाळ्यात पहाटे शाल घ्यावी लागते. शिवाय सांगलीहून आई-वडिलांना तिथे येणे किती सोपे पडेल, याचाही विचार करा.

निवडुंगाचे_फूल (धागाकर्ती)

@दिरहम_दादा, आम्ही दोघेही एच-वन-बीवर (अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या परवानगीवर) आहोत आणि पासपोर्टवरचा व्हिसा संपला असल्याने देशाबाहेर पडलो तर परत येताना स्टॅम्पिंगचे, म्हणजे नवा व्हिसा उमटवून घेण्याचे झंझट आहे. तेव्हा अबू धाबी नाही.

@मोहावेचा_वाटाड्या, वेगासबद्दल जे लिहिले ते वाचून पोटात गोळा आला. आम्ही कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहतो. चार जुलैच्या सुट्टीला जोडून जाणार आहोत, कारण तेव्हाच दोघांना रजा मिळते आहे. लग्न आमचा एक मित्र लावणार आहे, त्याने ऑनलाइन अर्ज करून पौरोहित्याचा दाखला घेतला आहे. छायाचित्रकार धरून आम्ही चौघे असू. ड्रोनचे मात्र कोणीच सांगितले नाही.

मोहावेचा_वाटाड्या

ड्रोनचे उत्तर एका ओळीत: अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४पासून ड्रोनला बंदी आहे आणि लग्न आहे म्हणून सवलत मिळत नाही.

आपण फ्रीमाँटला राहता हे कळल्यावर लायसन्सचा प्रश्न जवळजवळ सुटला. कॅलिफोर्नियाचे सार्वजनिक लायसन्स राज्यातल्या कोणत्याही काउंटीत काढून राज्यात कुठेही वापरता येते, ते नव्वद दिवस चालते आणि नागरिकत्वाची किंवा रहिवासाची अट नसते. अलमेडा काउंटीच्या ओकलंडमधल्या कार्यालयात दोघांनी पासपोर्ट घेऊन एकत्र जा. 'गोपनीय' नावाचा दुसरा प्रकार मात्र घेऊ नका, कारण तो ज्या काउंटीत काढला तिथेच वापरावा लागतो. सार्वजनिक लायसन्सला किमान एक साक्षीदार लागतो, ती सही आपला छायाचित्रकार करू शकेल. मित्राचा ऑनलाइन दाखला कॅलिफोर्नियात चालतो. वेगासला उतरण्याचे कारणच मग उरत नाही, परंतु तिथून रस्ता जवळ पडतो म्हणून उतरायचे असेल तर जरूर उतरा.

लायसन्सव्यतिरिक्त उद्यानाचा विशेष वापराचा परवानाही लागतो, माणसे चारच असली तरी. अर्जात जागा आणि वेळ लिहावी लागते, म्हणून जागेचा निर्णय आधी आणि तिकिटे नंतर.

महिन्याबद्दल मात्र स्पष्टच लिहितो. जुलैत तिथे जाऊ नका.

ऑरेंज_सिटी

उन्हाचा एवढा बाऊ करण्याचे कारण नाही. आम्ही नागपूरकर आहोत. २०१३च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिले आणि त्या हंगामातही आमच्याकडे लग्ने लागलीच. पहाटे साडेपाचला सूर्य उगवतो, सहा वाजेपर्यंत सगळे आटोपेल. कांदा खिशात ठेवावा, पन्हे सोबत न्यावे, डोक्याला उपरणे गुंडाळावे.

मोहावेचा_वाटाड्या

@ऑरेंज_सिटी, नागपूरच्या उन्हाचा मान राखून सांगतो की फरक तापमानाच्या आकड्यापेक्षा आजूबाजूच्या परिस्थितीत अधिक आहे. नागपुरात दहा पावलांवर सावली, पाणी आणि रिक्षा असते. डेथ व्हॅलीत जुलैचे सरासरी कमाल तापमान ४७ सेल्सिअसच्या जवळपास असते आणि पहाटेचे सरासरी किमानही तीसच्या वरच राहते. फर्नेस क्रीकला १९७२च्या जुलैत जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान ९४ सेल्सिअस नोंदले गेले होते.

अनवाणी सात पावलांचा बेत वाचून मला २०२४च्या जुलैतली घटना आठवली. याच मेस्किट फ्लॅटवर बेल्जियमच्या एका पर्यटकाच्या चपला वाळूत हरवल्या आणि थोडे अंतर चालण्यात त्याच्या तळपायांची कातडी गंभीर भाजली. उष्ण हवा विरळ असल्यामुळे हेलिकॉप्टरला तिथे सुरक्षितपणे उतरता आले नाही, म्हणून त्याला आधी गाडीने उंचावर न्यावे लागले. ही दुपारची गोष्ट होती, हे मान्य. परंतु छायाचित्रे काढताना दोन तास कसे जातात ते लग्न झालेल्या कोणालाही विचारा. सखल भागात सकाळी दहानंतर चालू नये असे उद्यान स्वतः सांगते, आणि आपल्याला तर तिथून दोन दिवसांचा ट्रेक करायचा आहे. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, हे वेगळेच.

शालू_आणि_शेला

नऊवारीबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. रेशमी नऊवारीच्या काष्ट्यात वाळू गेली की ती निघता निघत नाही आणि जरीच्या काठाला चिकटलेली वाळू झटकताना जर उसवते. सुती इरकल नेसावी. पिना शिवलेल्या पट्टीत अडकवाव्यात, कारण वारा सुटला की पदर आवरत नाही. नथीचा फासा घट्ट करून घ्यावा. वाळूत पडलेला मोती सापडत नाही. केसांत मोगऱ्याऐवजी कापडी फुले माळावीत.

श्रौतस्मार्त

वस्त्रांची चर्चा पुरे. होमाचे काय? सप्तपदी अग्नीच्या साक्षीनेच होते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात पवित्र अग्नीसमोरच्या सात पावलांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि विधीशिवाय केवळ नोंदणी केल्याने हिंदू विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली म्हटले आहे. अग्नी नसेल तर हा सगळा छायाचित्रांचा खेळ आहे.

मोहावेचा_वाटाड्या

@श्रौतस्मार्त, तो कायदा त्या कायद्याखाली होणाऱ्या विवाहांसाठी आहे. हे दोघे कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे लग्न करत आहेत आणि त्याला लायसन्स, लग्न लावणारा, साक्षीदार आणि दोघांचा होकार एवढेच हवे असते. अग्नीचा प्रश्न त्यांच्या श्रद्धेचा आहे, वैधतेचा नाही. उद्यानापुरते सांगायचे तर उघड्या वाळूवर होम करता येत नाही. आग फक्त कॅम्पग्राउंडमधल्या ठरवून दिलेल्या चुलाण्यात पेटवता येते आणि खालच्या उष्ण भागातल्या काही कॅम्पग्राउंडांवर उन्हाळ्यात तीही मुभा नसते.

श्रौतस्मार्त

मग चुलाण्याभोवती सप्तपदी करावी. अग्नी तो अग्नी. परंतु निरांजनावर भागवू नये, ही विनंती.

माळरान

खुहडीला होमाला कोणीही हरकत घेत नाही, एवढे नमूद करतो.

सांगलीकर_सॅनहोजे

आणखी एक गोष्ट. परवान्याच्या अटींत तांदूळ किंवा पाकळ्या उधळायला मनाई असते, कारण तांदूळ वन्य प्राणी खातात आणि मागे राहिलेली प्रत्येक वस्तू कचराच धरली जाते. आमच्या ओळखीच्या जोडप्याने अंतरपाट दूर झाल्यावर तोच पायांखाली पसरला, त्यावर उभे राहून एकमेकांच्या डोक्यावर चिमूट चिमूट अक्षता ठेवल्या आणि नंतर चारी टोके धरून सगळे दाणे पिशवीत ओतले. अंतरपाट नेहमीपेक्षा मोठा आणि जाड कापडाचा घ्यावा.

भारतातही कागद लागणार असतील तर लग्नानंतर काउंटीकडून प्रमाणित प्रत घ्या आणि त्यावर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या सॅक्रामेंटोच्या कार्यालयातून अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणपत्र) करून घ्या. भारत २००५पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. हे काम सांगलीला गेल्यावर आठवले तर फार त्रास होतो.

निवडुंगाचे_फूल (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. काल रात्री बसून पुन्हा विचार केला. जुलै रद्द. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला जोडून नोव्हेंबरात जाऊ. त्यासाठी रजेची अदलाबदल करावी लागली तरी करू. लायसन्स ओकलंडला नोव्हेंबरच्या सुरुवातीला काढू, म्हणजे नव्वद दिवसांची चिंता नाही. होमाबद्दल आमच्या दोघांत अजून एकमत नाही: त्याला कॅम्पग्राउंडच्या चुलाण्यात हवा आहे आणि मला आदल्या दिवशी घरीच गॅलरीत करावासा वाटतो. ड्रोनऐवजी छायाचित्रकार शेजारच्या टेकडीवरून काढेल. आता तरी कोणी माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर देईल का? ठसे नसलेली टेकडी कोणती?

मोहावेचा_वाटाड्या

मेस्किट फ्लॅटला गाडीतळाजवळच्या टेकड्यांवर कायम पावले उमटलेली असतात. रात्रभर वारा वाहिला तर ती बुजतात, परंतु वाऱ्यावर लग्न ठरवता येत नाही. सर्वांत उंच टेकडी सुमारे शंभर फुटांची आहे आणि बहुतेक लोक तिथवर जाऊन परततात, म्हणून तिच्याकडे न जाता बाजूने वळावे.

युरेका टेकड्या जवळजवळ सातशे फूट उंच आहेत, परंतु तिथवरचा लांबलचक कच्चा रस्ता भाड्याच्या गाडीने करू नये. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते. आपल्याला साहस हवे आहे म्हणून मी पॅनामिंट टेकड्या सुचवतो. आधी थोडा कच्चा रस्ता आहे, म्हणून उंच बांधणीची आणि कच्च्या रस्त्याला मुभा असलेली गाडी मिळवा. पुढे पाऊलवाट नसलेल्या सपाट माळावरून तीनेक मैल चालावे लागते आणि त्यामुळेच गर्दी नसते. सूर्योदयाला पोहोचायचे तर अंधारातच डोक्याला दिवे लावून निघावे लागेल, नऊवारी पाठपिशवीत ठेवून तिथे नेसावी लागेल आणि माणशी चार लिटर पाणी न्यावे लागेल. मात्र उद्यानाचा बहुतेक भाग संरक्षित रानात मोडतो आणि तिथे समारंभाला मान्यता मिळेलच असे नाही, म्हणून अर्जात पॅनामिंट पहिली आणि मेस्किट दुसरी अशी लिहा आणि उत्तर आल्यावरच तिकिटे काढा.

ट्रेकसाठी टेलिस्कोप पीक पाहा. ११,०४९ फूट, उद्यानातले सर्वांत उंच शिखर. नोव्हेंबरअखेर वर बर्फ असू शकतो, तेव्हा आदल्या दिवशी रेंजरना विचारून घ्या.

दिरहम_दादा

लिवाला तीन मैल चालावे लागत नाही.

सांगलीकर_सॅनहोजे

लायसन्सचा कागद टेकडीवर नेताना प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि सह्या टेकडीवर न करता गाडीत बसून करा, कारण त्यावर खाडाखोड किंवा पांढरी शाई चालत नाही आणि चूक झाली तर दुसरी प्रत काढावी लागते. सही केलेला कागद दहा दिवसांच्या आत काउंटीला परत पाठवण्याची जबाबदारी लग्न लावणाऱ्याची, म्हणजे आपल्या मित्राची असते. त्याच्या हातात तिकीट लावलेले आणि ओकलंडचा पत्ता लिहिलेले पाकीट आधीच देऊन ठेवा.