गर्दीत इंजिन तापतं त्याबद्दल थोडी भर

मोकळ्या रस्त्यावर मोटरसायकल ठीक चालते आणि गर्दीत पंधरा मिनिटांत पाय भाजायला लागतात, तर इंजिन खराब आहे का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा नाही. एअर-कूल्ड म्हणजे वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या फिन्सना (बाहेरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांना) वारा लागला तरच उष्णता नीट निघून जाते. गाडी नुसती सरकत असेल तर वारा येणार कुठून?

पण इथल्या उत्तरांत अर्ध्या क्लचबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. रविवारी सिंहगडाच्या घाटात रांग लागते, तिथे मी पहिल्या गिअरात अर्धा क्लच दाबून गाडी रेटत राहिलो. आधी जळका वास आला, मग रेस दिली तरी गाडी ओढेना. आपल्या बहुतेक मोटरसायकलींत क्लच प्लेट्स इंजिन ऑइलमध्येच असतात. त्या घासल्या की ऑइलही तापतं. म्हणून पुढच्या गाडीला जरा अंतर जाऊ द्या आणि क्लच पूर्ण सोडून पुढे सरका. जास्त थांबावं लागलं तर सरळ इंजिन बंद करा.

घरी येऊन डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढली, तर ऑइल खालच्या खुणेलाही टेकत नव्हतं. तुम्हीही गाडी मेन स्टँडवर लावून आजच बघा. मागचं चाक हाताने फिरवून ब्रेक घासतोय का तेही पाहा, कारण त्यानेही इंजिनावर ताण येतो.

आणि कृपा करून तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, धातू एकदम आकसून तडा जाऊ शकतो. रेडिएटरची, म्हणजे कूलंट या द्रवाने थंड होणारी गाडी असेल तर गरम असताना त्याचं झाकण उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं.