फर्मवेअर टाकलं आणि म्हणे पडदा उठला

शून्यएक, घोडबंदर रोड (धागालेखक)
परवा इथल्याच एका सभासदाने लिहिलं की स्ट्रीमरला (गाण्याच्या फाइली वाजवणाऱ्या डब्याला) रात्री नवीन फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकलं आणि सकाळी ऐकतो तर आवाजावरचा पडदा उठलेला, बास आवळलेला, गायिका दोन फूट पुढे आलेली. वर आणखी "स्वयंपाकघरातून बायकोनेही विचारलं, काय बदललंत?" खाली सगळ्यांची वाहवा. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, हे कसं काय? तिथे प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

स्ट्रीमर फाइल घेतो, फ्लॅक (आवळून ठेवलेली ऑडिओ फाइल) उलगडतो, आकडे डॅककडे ढकलतो, तो त्यांचा आवाज करतो. फ्लॅक लॉसलेस आहे, आवळताना काही गमावत नाही. मूळ ऑडिओचा एमडी५ (आकड्यांचा ठसाच म्हणा) त्या फाइलच्या पोटातच असतो, हवा तेव्हा ताडून पाहा. जुनं फर्मवेअर काय नि नवीन काय, आकडे तेच निघणार. मग ती गायिका पुढे आली ती कशाच्या जोरावर? रात्री आमच्याकडे खिडकीखालून कंटेनर जातात, सकाळी जरा शांतता असते. निम्मा पडदा तिथेच उठतो.

शंका असेल तर डीटीएस (आकड्यांत गुंफलेला सराउंड आवाज) सीडीवरची वेव्ह फाइल स्ट्रीमरमधून ऑप्टिकलने एव्ही रिसीव्हरला द्या. आकड्यांत ढवळाढवळ नसेल तर रिसीव्हर डीटीएस ओळखतो. असेल तर नुसती खरखर येते (आधी आवाज कमी करा, ट्वीटर जातील). अपडेटच्या आधी आणि नंतर करा आणि मग बोला.

जुना_स्पूल, वाशी
तो "एक सभासद" मी. नाव घ्यायला काय झालं होतं?

मी स्पूलवर रेकॉर्डिंग ऐकत मोठा झालो, मला एमडी५ शिकवू नका. पीएस ऑडिओचा डायरेक्टस्ट्रीम डॅक ठाऊक आहे ना? त्याच्या प्रत्येक फर्मवेअरला कोलोरॅडोतल्या डोंगराचं नाव: हूरॉन, रेडक्लाउड, स्नोमास. दरवेळी आवाज बदलायचा आणि कंपनी स्वतः सांगायची की बदललाय. तेही सगळे भ्रमिष्टच का?

शून्यएक
तो डॅक आहे हो. त्यात तयार चिप नाही, एफपीजीए (हवी तशी प्रोग्रॅम करता येणारी चिप) आहे. फिल्टर, मॉड्युलेटर, सगळं गणित फर्मवेअरमध्येच. गणित बदललं की आवाज बदलणारच, त्यावर वाद कोणी घातला? तुमचा डबा यूएसबीतून आकडे बाहेर काढतो, बस्स. कंपनीने अपडेटसोबत काय लिहिलं होतं ते तरी वाचलंत का? वायफाय सुटण्याची तक्रार दूर केली, इतकंच असेल.

आर्थिंगवाला, कळवा
आधी अर्थिंग तपासा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट दाखवतंय? आमच्या बिल्डिंगमध्ये मीटररूमची पट्टी गंजली होती, सोसायटीची कमिटी मीटिंगवर मीटिंग घेत बसली. शेवटी पदरचे पैसे घालून खड्डा खणून घेतला. अँपची घरघर त्याच दिवशी गेली.

शून्यएक
काका, प्रत्येक धाग्यावर?

आर्थिंगवाला
प्रत्येक घरात लागतं म्हणून प्रत्येक धाग्यावर.

खाडीपलीकडचा, ऐरोली
दोघेही अर्धंच बोलताय. माझ्या स्ट्रीमरला अपडेट आलं आणि आवाज मेल्यासारखा झाला. कंपनीला मेल केला तर छापील उत्तर. शेवटी स्वतःच मेनू उलगडत बसलो. व्हॉल्यूम फिक्स्ड होता तो व्हेरिएबल झालेला, आणि सगळं ४८ किलोहर्ट्झवर रीसँपल होत होतं, म्हणजे आकडे नव्याने काढले जात होते. सीडीची फाइल ४४.१ ची. म्हणजे "आकडे तेच निघणार" हे खरं, पण सेटिंग जागेवर असेल तर! अपडेट सेटिंग पुसतं, हे धागालेखक सोयीस्कर विसरले.

तानपुरा, नौपाडा
फर्मवेअरवर डोकं फोडून घेताय, पण तुम्ही ऐकताय ती फाइल कालचीच आहे का ते पाहिलंत? स्ट्रीमिंगवर अल्बमचं चित्र तेच राहतं आणि आत रीमास्टर (त्याच रेकॉर्डिंगची नव्याने साफसूफ केलेली आवृत्ती) येऊन बसतो. जुन्या ख्यालांवर नॉइज रिडक्शन इतकं मारतात की खरखरीबरोबर जवारीही (तानपुऱ्याच्या तारांचा झणकार) जाते. तानपुऱ्याचे वरचे स्वरांश आणि टेपची हिस्स एकाच पट्ट्यात, यंत्राला फरक काय कळणार! गवई पोकळीत गातोय असं वाटतं. आमच्या घरी मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी आहे, तिच्यात षड्ज भिंतीसारखा मागे उभा असतो. रीमास्टरमध्ये बुवा एकटेच.

सबवूफर_सानपाडा
ताई, हा स्मरणरंजनाचा भाग झाला. खरखर गेली तर बरंच की. माझ्या मुलाला त्या खरखरीमुळे पाच मिनिटं ऐकवत नव्हतं, आता पूर्ण राग ऐकतो.

तानपुरा
ऐकतो ते कोणत्या पट्टीत, हेही विचारा त्याला. जुन्या तबकड्या सगळ्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी कापलेल्या नसत. उतरवून घेताना वेग सहा टक्के चुकला की सूर अर्धा स्वर सरकतो. काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये, तानाही उगाच तडफदार. आणि लोक लिहितात, "काय ती तयारी!"

सबवूफर_सानपाडा
म्हणजे माझ्या मुलाने ऐकूच नये? तुमच्यासारख्यांमुळेच नवीन पोरं शास्त्रीयच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत.

तानपुरा
तुमच्या मुलाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. तुम्हीच त्याला मध्ये आणलंत.

खाडीपलीकडचा
ताईंना +१. मूळ तबकडीवरून नीट वेगाने, कमीत कमी साफसफाई करून घेतलेली प्रत ऐकली की मग रीमास्टर सोसवत नाही. सानपाडाभाऊ, खरखर पाच मिनिटांत कानाआड होते, गेलेला तानपुरा मात्र कशानेच परत येत नाही.

शून्यएक
अवांतर आवरा. स्पूलकाका, डीटीएसवाली चाचणी केलीत का?

जुना_स्पूल
माझ्याकडे एव्ही रिसीव्हर नाही आणि घेणारही नाही. पण ऐरोलीकरांचं वाचून मेनू उघडला. व्हॉल्यूम लेव्हलिंग (सगळी गाणी एकाच पातळीवर आणणारी सोय) बंद दिसतंय. आधी चालू असायचं.

शून्यएक
झालं तर मग! लेव्हलिंग गेलं, नवीन रेकॉर्डिंगं काही डेसिबल मोठी वाजायला लागली. जरा मोठं वाजलं की कानाला ते "मोठं" नाही, "चांगलं" वाटतं. म्हणून तर तुलना करताना आधी पातळी जुळवतात. पुन्हा चालू करा, गायिका दोन फूट मागे जाते की नाही सांगा.

जुना_स्पूल
म्हणजे फर्मवेअर टाकलं आणि आवाज बदलला. मी दुसरं काय लिहिलं होतं? तुमच्या धाग्याचं शीर्षक तेवढं बदला. आणि बायकोला ऐकू आलं ते खरंच होतं, याचीही नोंद घ्या.

शून्यएक
घेतली. मोठा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचतो, यावर एकमत. "पडदा" मात्र मागे घ्या.

जुना_स्पूल
नाही घेत. आणि लेव्हलिंग बंदच राहणार, तसंच चांगलं वाजतंय.

आर्थिंगवाला
न्यूट्रल-अर्थचं माप अजून कोणी दिलं नाही.

सबवूफर_सानपाडा
तानपुराताई, ती मन्सूरांची एलपी एक दिवस मिळेल का? रिप करून लगेच परत करतो.

तानपुरा
एलपी मिळणार नाही. नौपाड्यात येऊन ऐका, मुलालाही आणा.